पचमढीची कुंडं आणि परीची गोष्ट

पचमढीला पोस्टिंग झाली की नातेवाइकांचे फोन वाढतात. मे महिन्यात नागपूर, अमरावती भाजून निघत असतं आणि इथे साडेतीन हजार फुटांवर रात्री पांघरूण लागतं. आलेल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पोहायला कुठे जायचं?" उत्तरही ठरलेलं असतं. पांडव गुंफांच्या बाजूने पायवाटेने खाली उतरलं की अप्सरा विहार लागतं. छोटा धबधबा, त्याखाली खडकाने वेढलेलं उथळ, गार पाण्याचं कुंड. पोरांना सोडून मोठ्यांनी खडकावर बसावं अशी जागा.

इथे येणाऱ्या प्रत्येकाला गाइड एक गोष्ट सांगतो. इंग्रजांच्या काळात मडमा या कुंडात आंघोळीला येत. स्थानिक आदिवासी झाडाआडून, खडकाआडून बघत. त्यांनी असा गोरा रंग कधी पाहिलेला नव्हता, त्यांना वाटलं पऱ्याच उतरल्या. म्हणून इंग्रजीत फेअरी पूल आणि आपल्याकडे अप्सरा विहार. पाहुणे हसतात, फोटो काढतात. गोष्ट गोड आहे, पण मला ती सुरुवातीपासून खटकत आली आहे. हे पाणी ज्यांचं, त्यांनाच ती चोरून बघणारे प्रेक्षक करून टाकते.

आधी पाण्याविषयी. आपल्याकडे निघोजला कुकडी नदीत रांजणखळगे आहेत, ते अनेकांनी पाहिले असतील. वाहत्या पाण्यात गोटे आणि वाळू भोवऱ्यात सापडतात, एकाच जागी गरगर फिरत खडक घासतात आणि हजारो वर्षांत रांजण कोरला जातो. पचमढीतही तेच घडतं, फक्त दगड वेगळा. निघोजचा काळा कातळ ज्वालामुखीचा, इथला वालुकाश्म, म्हणजे प्राचीन नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा झालेला दगड. तो लवकर झिजतो आणि दुसरं म्हणजे पाणी पितो. पावसाळ्यात मुरलेलं पाणी फटींमधून महिनोन्‌महिने झिरपत राहतं. सह्याद्रीतले कितीतरी ओढे होळीच्या सुमारास कोरडे पडतात. इथल्या खोल घळींमध्ये मात्र, डोंगराखालचं सगळं वाळलेलं असतानाही पाणी सापडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता नावं पाहा. फेअरी पूलचं अप्सरा विहार झालं, सॉंडर्स पूलचं सुंदर कुंड, बिग फॉलचं रजत प्रपात. आयरीन पूलचं रम्य कुंड झालं. हे नाव आयरीन बोस यांचं. नागपूर उच्च न्यायालयाचे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या त्या पत्नी. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरहून पचमढीला येई, त्यामुळे नागपूरकर साहेब लोकांची ही हक्काची जागा होती. कुंडाचा "शोध" आयरीनबाईंनी लावला असं सांगतात. इथे प्रत्येक गोष्टीचा कुणीतरी शोध लावलेला आहे.

सगळ्यात मोठा शोध अर्थातच कॅप्टन जेम्स फोर्सिथचा. पर्यटकांच्या पुस्तिकांत छापलेलं असतं की १८५७ साली झाशीकडे लान्सर्सची तुकडी घेऊन जाताना त्याला हे पठार दिसलं. फौजी माणसाला इथे लगेच शंका यायला हवी. फोर्सिथचा जन्म १८३८चा. म्हणजे १८५७ साली तो एकोणीस वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी आमच्या अकादमीत पोरगा ड्रिल स्क्वेअरवर उस्तादाच्या शिव्या खात असतो, तुकडी घेऊन झाशीला निघत नाही. त्याचं स्वतःचं पुस्तक, 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया', १८७१ साली त्याच्या मृत्यूनंतर आलं. त्यात तो पचमढीला चढल्याची हकिगत १८६२ची आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत नव्याने बनला होता. रिचर्ड टेंपलने त्याला जंगलांची पाहणी करायला आणि वर एक बंगला बांधायला पाठवलं होतं. तो बंगला म्हणजे बायसन लॉज, अजून उभा आहे. थोडक्यात, फोर्सिथ वाट चुकून इथे पोचला नाही. तो हुकूम घेऊन आला होता आणि वर कोरकू ठाकूर नांदत होते.

त्याआधी इथे कोण होतं? खडकांच्या कपारींत हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत: शिकारी, जनावरं, मध काढणारी माणसं. १९३०च्या दशकात त्यांचा अभ्यास करणारा डी. एच. गॉर्डन हा फौजी अधिकारीच होता. वेगवेगळ्या पोस्टिंगमध्ये असे नाद लागलेले लोक आमच्याकडे तेव्हाही होते. महादेव डोंगरातल्या देवस्थानांचे राखणदार म्हणून कोरकू ठाकुरांना मान होता, त्यांना भोपा म्हणत. आणि यात्रेकरू तर होतेच. आजही महाशिवरात्रीला विदर्भातून माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेत तर डोंगरात मराठीच जास्त ऐकू येते. त्या पाऊलवाटांवरच्या माणसाला पचमढी शोधावी लागली नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते १८१८चं. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी कैद केलं आणि अलाहाबादकडे रवाना केलं. मे १८१८ मध्ये, जबलपूरजवळच्या मुक्कामातून, पहाऱ्यावरचे शिपाई फितवून, शिपायाच्याच वेशात अप्पासाहेब निसटले. ते कुठे गेले? याच महादेव डोंगरात, गोंड आणि कोरकू ठाकुरांच्या आश्रयाला. जुलैमध्ये बैतूलच्या बाजूला त्यांच्या पक्षाच्या लोकांनी कॅप्टन स्पार्क्सची तुकडी जवळजवळ पूर्ण कापून काढली. १८१९च्या सुरुवातीला इंग्रजी फौजा डोंगरात चहूबाजूंनी घुसेपर्यंत अप्पासाहेब टिकून होते. मग ते असीरगडाकडे निसटले, पुढे पंजाबात गेले आणि अखेर १८४० मध्ये जोधपूरला वारले.

नकाशा उघडून बसलं की हे कसं जमलं ते कळतं. पठाराभोवती सरळसोट कडे, मध्ये शेकडो फूट खोल खोह, वर यायच्या वाटा मोजक्या. पण नुसत्या कड्यांनी फौज जगत नाही. माणसाला आणि घोड्याला रोज पाणी लागतं. ज्याला प्रत्येक घळीतलं कुंड ठाऊक आहे तो आठवडाभर दिसत नाही. ज्याला ठाऊक नाही, त्याला देनवा नदीच्या काठाकाठाने चालावं लागतं आणि तो सगळ्यांना दिसतो. आजही आम्ही जंगलातल्या सरावात तरुण अधिकाऱ्यांना पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचाच. त्या काळी त्याचं उत्तर कोरकूंकडे होतं.

चाळीस वर्षांनी तेच पुन्हा घडलं. ऑक्टोबर १८५८च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेला आले. त्यांची नजर नागपूरवर होती. हर्राकोटचे कोरकू जहागीरदार भभूतसिंह यांनी त्यांना मदत केली. त्यांचे आजोबा मोहनसिंह यांनी अप्पासाहेबांना साथ दिली होती असं सांगतात. तात्या मुलताईमार्गे पुढे निघून गेले, भभूतसिंह मागे राहून लढत राहिले. १८६० मध्ये ते पकडले गेले आणि जबलपूरला त्यांना मृत्युदंड झाला.

आता तारखा शेजारी ठेवा. १८६० मध्ये भभूतसिंह संपले. १८६२ मध्ये फोर्सिथ वर आला. १८६५ मध्ये त्यांच्या जप्त केलेल्या मुलखातलं बोरीचं जंगल राखीव झालं. भारतातलं पहिलं राखीव जंगल म्हणून त्याचा उल्लेख होतो. कोरकू डोंगरउतारावर झाडं तोडून, जाळून त्या राखेत धान्य पेरत. या शेतीला दाह्या म्हणत, आणि नव्या जंगलखात्याच्या लेखी ती नासाडी होती. सागवान सरकारला हवं होतं. बंडखोराची जमीन घेणं आणि जंगल वाचवणं ही दोन कामं एकाच हाताने झाली.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की जंगल खरंच वाचलं. १९८१ साली सातपुडा राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे व्याघ्र प्रकल्प आला. आज देनवेच्या काठावर बारशिंगा दिसतो, रानगवा दिसतो. त्यासाठी जंगलातली गावं बाहेर हलवली गेली, त्यांत कोरकू आणि गोंडच होते. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत भरली आणि अभयारण्याला राजा भभूतसिंहांचं नाव देण्याचं ठरलं. इतक्या वर्षांनी का होईना, त्यांचं नाव त्यांच्या डोंगरावर परत आलं.

आता परीची गोष्ट पुन्हा ऐका. मडमा कुंडात उतरल्या असतील आणि कुणी खडकाआडून पाहिलंही असेल. पण पाहणारा त्यांना परी समजला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याच्या बापाने किंवा आजोबाने तांबडे डगलेवाले पाहिले होते, त्यांच्यापासून याच घळींमध्ये माणसं लपवली होती. पाण्यात कोण उतरलंय हे त्याला नीट ठाऊक असणार. त्याच्या मनात जे आलं असेल ते गाइडच्या गोष्टीत नाही, कारण ती गोष्ट पाण्यातल्यांनी रचली, खडकाआडच्याने नाही.

तुम्ही इथे आलात तर पोहा जरूर. अकादमीच्या तरणतलावात मी बरीच वर्षं घालवली, पण त्या निळ्या फरश्यांना या पाण्याची सर नाही. फक्त कुंडापुढे प्रवाहाच्या दिशेने खडकावरून फार जाऊ नका. तोच ओढा थोड्या अंतरावर रजत प्रपात होऊन सुमारे साडेतीनशे फूट खाली कोसळतो आणि शेवाळलेला वालुकाश्म कुणाचाही हुद्दा बघत नाही. सोबत गाइड घ्या, शक्यतो कोरकू घ्या. त्याने परीची गोष्ट सांगितली तर ऐकून घ्या आणि मग त्याला विचारा, उन्हाळ्यात या डोंगरात पाणी कुठे कुठे राहतं. तो बोलायला लागेल.