मेंदूची रेघ साक्ष देते, निकाल देत नाही

करंजाहून बोलतोय. आजचा भाग एका यंत्राच्या इतिहासाचा आहे: ईईजी. डोक्याला वायरी लावतात, कागदावर वाकड्यातिकड्या रेघा येतात, तेच ते.

आमच्या गावात कुणाला फिट आली की दोन प्रश्न लगेच येतात. पुरुष असेल तर, हा आता बोटीवर जाणार का? मुलगी असेल तर, हिचं लग्न कसं जमायचं? मग पनवेलला नाहीतर नवी मुंबईला जाऊन ईईजी काढून आणतात आणि तिसरा प्रश्न येतो, "काय निघालं?" विचारायची तऱ्हा अशी, जणू कोर्टाचा निकालच हातात आलाय. हा तिसरा प्रश्न कुठून आला ते आज बघू.

फिटला आपल्याकडे नावं पुष्कळ. आकडी, फेफरं, मिरगी. चरकसंहितेत शब्द आहे अपस्मार. स्मार म्हणजे स्मृती, ती जाते तो अपस्मार. म्हणजे हा आजार आहे आणि त्यावर उपचार करायचा असतो, हे आपल्याकडे फार जुन्या काळी लिहून ठेवलंय. तरी लोकांनी कांदा आणि चप्पल हुंगवणं काही सोडलं नाही. कारण सोपं आहे. फिट दिसते, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला कारण म्हणून बाहेरची बाधा पटकन चिकटते.

आतलं पहिल्यांदा दिसलं ते १८७५ साली. लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन या डॉक्टरने ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवल्या आणि यंत्रावरचा प्रकाशाचा ठिपका हलला. मेंदूत वीज आहे! पण माणसाच्या मेंदूची वीज कागदावर यायला आणखी जवळजवळ ५० वर्षं लागली.

ते काम केलं जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गरने. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला, तोफगाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार आली, तू बरा आहेस ना? बहिणीला उगाच वाटलं होतं की भावाचं काही बरंवाईट झालंय. बर्गरच्या डोक्यात तेव्हापासून बसलं की एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत काहीतरी जातं. ते काही त्याला कधी सापडलं नाही. पण शोधता शोधता ६ जुलै १९२४ रोजी, कवटीवर शस्त्रक्रिया झालेल्या १७ वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावरून त्याने माणसाचा पहिला ईईजी घेतला. छापला १९२९ मध्ये. डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला ८ ते १३ वेळा वरखाली होणारी लाट दिसते. तिला त्याने अल्फा म्हटलं.

सुरुवातीला फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. ही वीज आहे तरी केवढी? व्होल्टच्या लाखाव्या हिश्शाच्या हिशेबात मोजायची. टॉर्चचा एक सेल तिच्या निदान तीस हजार पट भरेल. शेवटी १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जगाने मान्य केलं.

लगेच १९३५ मध्ये बोस्टनला गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी वर्गात मध्येच टक लावून थांबणाऱ्या मुलांचे ईईजी घेतले. रेघेत सेकंदाला ३ वेळा एक टोक आणि एक लाट, टोक आणि लाट, असा ठसा उमटला. पोरगं हट्टी नाही, लक्ष नसलेलं नाही, त्या दहा सेकंदांत त्याचा मेंदूच अडकलेला असतो. बाधेच्या गोष्टीला मिळालेलं हे पहिलं कागदी उत्तर.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९३३ मध्ये नाझी सरकारने कायदा केला की आनुवंशिक आजार असलेल्यांची सक्तीने नसबंदी करायची. त्या यादीत अपस्मार होता. हे खटले चालवायला खास कोर्टं होती आणि येनाच्या अशा वरच्या कोर्टात स्वतः बर्गर बसत होता. मेंदूची रेघ ज्याने जगाला दाखवली, तोच माणूस कुणाला मूल व्हावं आणि कुणाला होऊ नये हे ठरवणाऱ्यांत होता. १९४१ मध्ये त्याने आत्महत्या केली.

हे दूरचं वाटतंय? मग आपलं ऐका. १९७६ मध्ये, आणीबाणीत, आपल्या हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्याला लग्न करता येणार नाही असं लिहिलं गेलं. लग्न झालंच तर ते कोर्टातून रद्द करून घेता येत होतं. म्हणजे गोळी खाऊन ठणठणीत असलेल्या मुलीलाही आजार लपवावा लागायचा. आजार लपवायचा म्हणजे सासरी गोळीही लपवायची. आणि गोळी अचानक बंद झाली की फिट उसळू शकते, कधीकधी थांबतच नाही.

हा कायदा बदलावा म्हणून इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने पाठपुरावा केला. या संस्थेच्या उभारणीत मुंबईच्या केईएमचे न्यूरोलॉजिस्ट डॉ. एडी भरुचा होते. मुंबईच्या पारशी वसाहतींतल्या १४,०१० लोकांची पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात अपस्मार असलेले ६६ निघाले. हजारात जवळजवळ पाच. म्हणजे आजार दुर्मिळ नाही, तो लपवलेला आहे. अखेर १९९९ मध्ये दोन्ही कायद्यांतून 'अपस्मार' हा शब्द काढला. आज फिट येते म्हणून कायदा कुणाचं लग्न अडवत नाही. गावात कुणी वेगळं सांगत असेल तर त्याला हे साल सांगा.

आता रेघेकडे परत. तिला नेमकं काय कळतं?

१९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्परने वायरी लावायच्या जागा ठरवून दिल्या. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची आणि १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या. म्हणून करंजाच्या माणसाचा ईईजी कॅनडातही वाचता येतो. पण नेहमीचा ईईजी असतो अर्ध्या तासाचा. खरोखर अपस्मार असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या पहिल्या ईईजीत काहीच सापडत नाही. उलट काही धडधाकट माणसांच्या रेघेतही टोकं दिसतात. म्हणूनच डॉक्टर जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, लुकलुकता दिवा दाखवतात, जागरण करून या म्हणतात. आणि गोळ्यांची यादी मागतात, कारण झोपेच्या गोळ्यांनी रेघ बदलते. टेस्टसाठी म्हणून फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

लकव्याचं वेगळं. सीटी स्कॅन आला १९७०च्या दशकात. त्याआधी इंग्लंडमध्ये ग्रे वॉल्टरने १९३६ मध्ये संथ लाटांवरून मेंदूतल्या गाठीची जागा हुडकली होती. लकव्यातही ज्या बाजूचा रक्तपुरवठा तुटतो तिथली रेघ संथ होते. पण आज लकव्याला पहिला हवा सीटी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आमच्या द्रोणागिरीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, मारुती औषधाचा डोंगर घेऊन निघाला तेव्हा त्याचा तुकडा इथे पडला म्हणतात. त्या गोष्टीतही मुदत होतीच, सूर्य उगवायच्या आत. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, की १०८ लावायचा. ईईजीचं काम नंतरचं. लकव्यानंतर माणूस शुद्धीवर येत नसेल तर आत गुपचूप फिट चालू आहे का, हे तोच सांगतो.

आणि सगळ्यात जास्त उपयोग होतो तो बोलता न येणाऱ्यांना, म्हणजे नवजात बाळांना. पॅरिसमध्ये १९५०च्या दशकात कोलेट ड्रेफ्यू-ब्रिझाक यांनी बाळांच्या ईईजीचा अभ्यास उभा केला. बाळाची फिट मोठ्यांसारखी नसते. सायकल चालवल्यासारखे पाय हलतात, ओठ चोखल्यासारखे होतात, नजर एकीकडे लागते. कित्येकदा तर बाहेर काहीच दिसत नाही. फेनोबार्बिटोन दिल्यावर हालचाल थांबते, पण आत वीज चालूच राहू शकते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाजवळ ते यंत्र तासन् तास लावून ठेवतात ते यासाठी.

म्हणजे बघा, ईईजी हा साक्षीदार आहे. त्या अर्ध्या तासात जे घडलं तेवढंच तो सांगतो. माणूस बोटीवर जाईल का, याचं उत्तर किती महिने फिट आली नाही, गोळी नियमित आहे का, बरोबर कोण असतं, यावरून डॉक्टरांशी बोलून ठरतं. लग्नाचं उत्तर तर रेघेत नसतंच. मूल हवं असेल तर गोळी आधीच बदलून घ्यावी लागते, कारण व्हॅल्प्रोएटसारखं औषध पोटातल्या बाळाला बाधतं. ते आधी सांगायला, आधी विचारायला हवं.

दुसरा साक्षीदार तुमच्या खिशात आहे. समोर कुणाला फिट आली तर आधी त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. दुसरं कुणी जवळ असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या. तो ग्रुपवर टाकायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा. अर्ध्या तासाच्या ईईजीत जे सापडत नाही, ते कधीकधी त्या चाळीस सेकंदांत असतं.

आजचा भाग इथेच थांबवतो. घरात कुणी गोळी लपवून खात असेल, तर हा भाग त्यांच्यापर्यंत पोचवा. भेटू पुढच्या भागात.