हिरडा, हिरडी आणि उंदराचे दात

भोरहून वरंधा घाटाकडे निघालं की वाटेत हिर्डोशी लागतं. हा शिवकाळातला हिरडस मावळ, बांदलांचा आणि बाजीप्रभूंचा मुलूख. हिरडा नावातही आहे आणि रानातही. इथल्या आणि शेजारच्या वेल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या जुन्या घरांत हिरडीसाठी दोन पुडी चालत: औषध म्हणून हिरड्याची आणि सवय म्हणून मिशरीची. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. ज्या गुणाने ते कातडं कमावतं, त्याच गुणाने सैल हिरडी आवळतं. मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखू. तिने ठणका बधिर होतो म्हणून बायका ती लावत राहिल्या, आणि निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसत गेल्या.

गेलेलं परत आणणं मात्र हिरड्याच्याही हातात नाही. पायरियात दाताभोवतीचं हाड झिजतं, मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थराला हाडाशी बांधणारे तंतू तुटतात आणि दात हलू लागतो. दात कितीही साफ केले, तरी हे बांधकाम आपोआप उभं राहत नाही.

ते पुन्हा उभारता येईल, या आशेचं एक मूळ उंदरांच्या पिलांत सापडतं. अमेरिकेत स्टॅनले कोहेन हे शास्त्रज्ञ उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचत होते. पिलांचे डोळे वेळेआधी उघडले आणि पुढचे दातही लवकर वर आले. अर्कात असं काय आहे, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. १९६२ साली वेगळं काढलेलं ते प्रथिन पुढे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर म्हणून ओळखलं गेलं. पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणाऱ्या अशा प्रथिनांच्या शोधासाठी कोहेन आणि रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं. हा शोध डोळ्यांच्या आणि दातांच्या वेळापत्रकावरून लागला.

निरोप मिळाला तरी तो ऐकणारी पेशी जागेवर हवी. १९७६ साली अँटनी मेल्चर यांनी हा मुद्दा मांडला. साफ केलेल्या मुळावर ज्या पेशी आधी पोहोचतील, त्या तिथे काय उगवेल ते ठरवतात. हिरडीच्या वरच्या थराच्या पेशी सर्वांत चपळ. त्या आत उतरून जागा अडवतात. भातखाचरात लावणीआधी तण माजावं, तसंच हे. १९८२ साली स्वीडनमध्ये नीमन आणि सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय केला: मध्ये गाळणीचा पातळ पडदा लावला. तण अडलं, आणि मुळावर नवे तंतू धरले.

पुढचा टप्पा रक्तातल्या बिंबिकांचा, म्हणजे प्लेटलेट्सचा. जखम झाली की त्या वृद्धिघटक, म्हणजे असेच ‘वाढा’ सांगणारे ग्रोथ फॅक्टर, सोडतात. त्यातलाच एक, पीडीजीएफ, प्रयोगशाळेत बनवून २००५ साली अमेरिकेत हिरडीच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य झाला. पण तो महाग. त्याआधीच, २००१ मध्ये, फ्रान्सच्या जोसेफ शुकरून यांनी स्वस्त वाट दाखवली होती: रुग्णाचंच थोडं रक्त घ्यायचं, गोठण थांबवणारं काही न घालता लगेच यंत्रात फिरवायचं, आणि तयार झालेली फायब्रिनची पिवळसर गुठळी हाडाच्या खड्ड्यात बसवायची. याला पीआरएफ म्हणतात. भारतासारख्या देशात हीच वाट खरी उपयोगाची ठरली, कारण हवं असतं एक फिरतं यंत्र आणि एक सुई.

स्टेम सेलची, म्हणजे मूलपेशींची, वंशावळ याहून तरुण आहे. २००४ साली सोंगताओ शी यांच्या गटाने उपटलेल्या अक्कलदाढांच्या मुळांवरचे तंतू खरवडले आणि त्यांत मूलपेशी दाखवल्या. उंदरांत रोवल्यावर त्यांनी सिमेंटम आणि तंतूंसारखी रचना घडवली. आजवर कचऱ्यात जाणारी दाढ बियाणं निघाली! तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा पेशींचा रुग्णांवर वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही, आणि नाळेच्या रक्ताखेरीज दातांच्या वगैरे पेशींच्या व्यापारी बँकेलाही परवानगी नाही. जाहिरातींनी भुलणाऱ्या आईबापांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

भोर-वेल्ह्याकडून पुण्याला येताना कात्रज ओलांडलं की धनकवडीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज लागतं. तिथे हिरड्यांच्या डॉक्टरांकडे आधी क्ष-किरण फोटो पाहिला जातो. खड्डा अरुंद आणि खोल असेल, हाडाच्या भिंती शाबूत असतील, तर पीआरएफची गुठळी टिकते आणि हाड भरण्याची आशा असते. सगळीकडून सपाट झिजलेल्या हाडाला तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि खड्डा चांगला असला, तरी त्याआधी मिशरीची डबी सुटावी लागते.