वाटीचं माप

लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ, हरभऱ्याएवढा हिंग, आवळ्याएवढं लोणी. मराठी स्वयंपाकघरात एके काळी वस्तूच वस्तूंची मापं होती. उरलेलं काम हात करायचा: चिमूटभर, मूठभर, पसाभर, ओंजळभर. भाताचं पाणी बोटाच्या पेरावर, फोडणीचं तेल पळीनं, आणि मीठ हाताला कळेल तेवढं. सासू, जावा, नणंदा, सुना एकाच चुलीभोवती वावरत होत्या तोवर याहून जास्त नेमकेपणाची कुणाला गरज पडत नव्हती. लिंबाएवढी म्हणजे नक्की केवढ्या लिंबाएवढी, हे विचारायच्या आत सासूबाईंच्या हातातला चिंचेचा गोळा दिसायचाच.

पंचाईत होते ती शिकवणारी आणि शिकणारी एका चुलीपाशी नसल्या की. करून दाखवायची सोय संपते आणि लिहून द्यावं लागतं. मग 'अंदाजानं घाल' या वाक्याला काही अर्थ राहत नाही, कारण जिला सांगायचं तिच्याकडे नेमका तो अंदाजच नसतो. 'एक वाटी रवा, एक वाटी साखर, पाव चमचा वेलदोड्याची पूड' ही भाषा आज आपल्या तोंडात इतकी बसली आहे की ती आजीच्या आजीपासून चालत आली असावी असं वाटतं. छापील कृतींमध्ये तरी ती बरीच उशिरा रुळली. आवडीचा पदार्थ दुसऱ्या घरी जसाच्या तसा पोचवता येणं, याची खरी कुळकथा ही मापाची कुळकथा आहे.

लिहिलेलं पाकशास्त्र आपल्याकडे कमी जुनं नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला, साधारण ११३० च्या आसपासचा. त्यात 'अन्नभोग' असं वेगळं प्रकरण आहे आणि खाण्याचे कितीतरी प्रकार आहेत. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' लिहिलं. तंजावरच्या मराठी दरबारात, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी, मुदपाकखान्यातल्या कृती 'शरभेंद्र पाकशास्त्र' म्हणून नोंदवल्या गेल्या. पण यांतलं काहीही लेकीसाठी लिहिलेलं नाही. एखादा ग्रंथ राजाचे भोग सांगतो, एखादा अन्नाचे गुणदोष, एखादा दरबारी स्वयंपाक्यांची नोंद ठेवतो. आपल्या घरची एक साधी चांगली कृती दुसऱ्या घरी द्यावी, ही इच्छा त्या पानांच्या बाहेरच राहिली.

ती पानांवर आली छापखान्याबरोबर, तीही आधी पुरुषाच्या हातून. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, सुरुवातीच्या छापील मराठी पाकपुस्तकांपैकी एक. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९१० मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आलं. नावातला 'मित्र' मला फार बोलका वाटतो. मुंबईच्या चाळीतल्या दोन खोल्यांत नवऱ्याबरोबर बिऱ्हाड थाटलेली, चार इयत्ता शिकलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. सासू गावी, आई माहेरी, शेजारीण वेगळ्या जातीची आणि वेगळ्या चवीची. तिला पुस्तकच शेजारीण म्हणून हवं होतं. लक्ष्मीबाई पाठारे प्रभू. त्यांच्या जातीचा स्वयंपाक मासळी-मटणाचा, भानोळ्यांचा, पारभी संभाराचा, आणि सगळा मुंबईत मुरलेला. मराठी पाकपुस्तक म्हणजे वरणभात-पुरणपोळी अशी जी एक समजूत पुढे रूढ झाली, ती या पुस्तकाकडे पाहिलं की टिकत नाही.

पुढे १९४० च्या दशकात सारस्वत महिला समाजानं 'रसचंद्रिका' काढली. एका समाजातल्या बायकांनी आपापल्या घरचं पुस्तकात ठेवायचं, हा तिचा मूळ प्रकार. आज या चित्रापूर सारस्वतांची घरं देशोदेशी पसरली आहेत, तिथंही हे पुस्तक पोचलेलं आहे.

पण मापाचं काय? त्या काळी वजनं म्हणजे गुंज, मासा, तोळा, छटाक, पावशेर, शेर, मण. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. धान्य मात्र तोलायचं नाही, मापायचं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. कागदावर हे कोष्टक छान दिसतं, मुलं ते तालावर पाठही करायची. प्रत्यक्षात शेर गावागणिक बदलायचा. मुंबईचा शेर वेगळा, पुण्याचा वेगळा, शिवाय एक कच्चा आणि एक पक्का. पुस्तकात 'पावशेर डाळ' लिहिलं तर ती कुठल्या गावच्या तराजूतली, हा प्रश्न उरायचाच. यावर एक तोड होती, रुपयाभार. राणीच्या किंवा राजाच्या छापाचा चांदीचा रुपया सगळीकडे एकाच वजनाचा, एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. मसाल्याच्या यादीत 'रुपयाभार लवंगा' असं लिहिलं की ते सातारा असो की कारवार, तेवढंच भरायचं. तराजूच्या एका पारड्यात रुपया, दुसऱ्यात लवंगा. स्वयंपाकघरात टांकसाळीची इतकी सरळ मदत त्यानंतर कधी झाली नाही.

मग सरकारनं सगळंच मोडीत काढलं. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि १९६२ पर्यंत शेर-तोळे व्यवहारातून अधिकृतपणे बाहेर गेले. दुकानदार किलो-ग्रॅमला सरावला. सोनाराचा तोळा लोकांच्या बोलण्यात राहिला, भाजीवाल्याचा पावशेर अडीचशे ग्रॅमच्या पोटात जाऊन बसला. स्वयंपाकघराची मात्र त्रिशंकू अवस्था झाली. जुन्या पुस्तकातले शेर बाद झाले होते. नव्या ग्रॅमसाठी ओट्यावर तराजू लागतो, आणि तो कुणाच्याच घरी नव्हता.

या पोकळीत १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. कमलाबाई सांगली जिल्ह्यातल्या, शाळा चौथीपर्यंतच, स्वयंपाक सासूबाईंच्या हाताखाली शिकलेल्या. किर्लोस्करांच्या छापखान्यातून निघालेलं हे पुस्तक पुढे लाखावर घरांत गेलं. लग्नाच्या रुखवतात ठेवलं गेलं, परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी कोंबलं गेलं. त्याच्या यशाची कारणं लोक वेगवेगळी सांगतात: साधी भाषा, घरगुती पदार्थ, फसू न देणारी कृती. मला विचाराल तर कारण एकच, वाटी आणि चमचा. बाईंनी तराजू ओट्यावर आणलाच नाही. घरात जे भांडं असतंच असतं, त्यालाच माप केलं.

हे सुचायला वाटतं तेवढं सोपं नव्हतं. अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात सपाट भरलेला कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला. पण तो कप ठरलेल्या आकाराचा, विकत आणायचा. आपल्या वाटीला ठरलेला आकार नाही. आमटीची वाटी वेगळी, श्रीखंडाची वेगळी, तुपाची तर नखाएवढी. वरवर पाहता मापाला याहून नालायक भांडं नाही. तरीही ती चालते, कारण घरगुती कृतीला वजन लागत नाही, प्रमाण लागतं. तांदळाच्या दुप्पट पाणी, रव्याच्या तिप्पट पाणी. वाटी लहान घ्या, मोठी घ्या, सगळं त्याच वाटीनं मोजलं की प्रमाण हलत नाही. चकलीच्या भाजणीत चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, असं म्हटलं की दोघांच्या घरची आणि बारा जणांच्या घरची भाजणी एकाच ओळीत सांगून झाली. शेरात लिहिलेली कृती एका मापाच्या कुटुंबासाठी असते, वाटीतली कुणालाही बेतता येते.

दिवाळीच्या शंकरपाळ्यांत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप. एकत्र करून साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, कोमट होऊ द्यायचं, किंचित मीठ घालायचं, आणि मग मैदा. किती मैदा? 'मावेल तेवढा.' मराठी घरांतल्या वह्यांमध्ये हे दोन शब्द जसेच्या तसे सापडतात आणि नवशिके तिथंच अडतात. वाटीची हद्द इथं संपते. मैदा जुना की ताजा, हवा कोरडी की दमट, तूप किती पातळ झालंय, यावर तो कमीजास्त लागतो. म्हणून थोडा थोडा घालत जायचं. आधी पीठ बोटांना चिकटतं, मग परातीच्या कडा सुटायला लागतात, मग गोळा घट्ट पण मऊ होतो आणि दाबला की कडेला बारीक भेगा जातात. तिथं थांबायचं. तासभर झाकून ठेवून जाडसर लाटायचं, कातण्यानं चौकोन पाडायचे आणि मंद आचेवर तळायचे. आच मोठी केली की बाहेरून तांबूस आणि आत कच्चे. मैदा जास्त झाला तर दगड, तूप जास्त झालं तर कढईतच विरघळतात. तीन जिन्नस वाटीनं, चौथा हातानं. जुनी पद्धत आणि नवी पद्धत एकाच परातीत.

पाकाचंही तेच. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही मापं वाटीच्या आवाक्यात आलीच नाहीत. ती अजून अंगठा आणि तर्जनीच्या मधे आहेत. रव्याच्या लाडवांचा खडक होतो तो याच कारणानं, पुस्तकाच्या चुकीनं नव्हे. 'सात कपांची वडी' मात्र याला उत्तर म्हणून निघाली असावी: एकेक कप बेसन, खोबरं, दूध, तूप आणि तीन कप साखर, सगळं एकदम कढईत, कडा सुटेपर्यंत हलवत राहायचं. तार बघायची भानगड नाही. मापानं पदार्थाचं नावच बळकावलं.

वेळेचंही माप याच पिढीत बदललं. १९५९ च्या सुमारास देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि 'तीन शिट्ट्या' हे वेळेचं घरगुती एकक झालं. घड्याळात ते किती मिनिटांचं, कुणी सांगू शकत नाही. शेगडी बदलली की मिनिटं बदलतात. तरी 'डाळीला चार, बटाट्याला दोन' हे फोनवर सांगितलं की समोरच्याचं काम भागतं.

इथवरची कथा वाटीभर असणाऱ्यांची झाली. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं तेव्हा या सगळ्या परंपरेत मोठा खड्डा होता हे कळलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ताची रक्ती, येसूर मसाला घातलेलं कालवण, हे सव्वाशे-दीडशे वर्षांच्या छापील पाकपुस्तकांत जवळजवळ कुठंच नव्हतं. ज्या घरात तेल थेंबांनी वापरायचं आणि कालवण आज काय हाती लागलं त्यावर ठरायचं, तिथं 'अर्धी वाटी तूप' ही भाषाच परकी. सोपी घरगुती कृती म्हणताना आपण कुणाचं घर धरतो, हा प्रश्न त्या पुस्तकानं मराठी वाचकाच्या ताटात वाढला. तो अजून पुरता पचलेला दिसत नाही. दिवाळी अंकांच्या खाद्यविशेषांकांत ही चव अजून पाहुणीसारखीच येते.

वाटीचा आणखी एक घोळ परदेशी गेलेल्यांना चांगला ठाऊक आहे. तिकडच्या घरात वाटीऐवजी मोजायचा कप असतो, अमेरिकेतला साधारण २४० मिलिलिटरचा. आपली रोजची वाटी त्याहून बरीच लहान. लोक म्हणतात, काय बिघडलं, वाटीच्या जागी कप धरा. तांदळापाण्याला काही बिघडत नाही. बिघडतं ते चमच्यापाशी. वाटी मोठी झाली तरी चमचा तेवढाच राहतो. दीडपट रव्याला पूर्वीइतकंच मीठ आणि पूर्वीइतकाच सोडा पडतो, आणि ढोकळा बसतो. आईची कृती अक्षरन् अक्षर पाळूनही तिची चव येत नाही म्हणून पोरं हळहळतात, त्यातला निम्मा हिशेब हा असतो. म्हणून हल्ली फोनवर कृती सांगताना जाणत्या बायका साहित्याची यादी सुरू करायच्या आधीच विचारून घेतात, "तुझी वाटी केवढी आहे गं? कॅमेऱ्यासमोर धर बघू."