पत्ता : अथेन्स, घर क्रमांक अमुक

इंटरनेटवर पान ठेवायचे म्हणजे दिवसरात्र चालू असणाऱ्या एखाद्या संगणकावर थोडी जागा हवी. १९९४च्या सुमारास अशी जागा विद्यापीठातल्या मंडळींना सहज मिळे. इतरांना बहुधा भाडे मोजावे लागे. त्या वर्षी कॅलिफोर्नियात डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी एक कंपनी काढली आणि लवकरच ती ही जागा कोणालाही फुकट देऊ लागली. तिचेच नाव पुढे जिओसिटीज झाले.

आम्हांला सर्वांत गमतीची वाटते ती तिची पत्ते देण्याची पद्धत. सगळी जागा शहरासारखी वस्त्यांमध्ये विभागलेली होती. शिक्षण, साहित्य, तत्त्वज्ञान यांची आवड असणाऱ्याने ‘अथेन्स’मध्ये राहायचे, विज्ञान-गणितवाल्याने ‘केप कॅनाव्हेरल’मध्ये, पर्यावरणाची काळजी असणाऱ्याने ‘रेनफॉरेस्ट’मध्ये. वस्तीत रिकामा प्लॉट शोधायचा. त्याचा क्रमांक हाच आपला पत्ता. शेजारी कोण राहतो हे पाहायला क्रमांक एकाने वाढवला की पुरे! त्याचे पान आवडले, तर त्यामागची एचटीएमएल संहिता ब्राउझरमध्येच उघडून पाहता येई. कितीतरी जण ही भाषा अशी शेजाऱ्याच्या वहीत डोकावून शिकले. वर्गात आपण याला कॉपी म्हणतो.

खर्च भागवण्यासाठी १९९७मध्ये पानांवर जाहिराती आल्या. १९९९ साली याहूने सुमारे साडेतीन अब्ज डॉलरचे शेअर देऊन जिओसिटीज विकत घेतली आणि जूनमध्ये नवी अट घातली : पानांवरचा मजकूर कायमचा वापरण्याचा हक्क याहूला. रहिवासी संतापले. काहींनी पानांवरचे रंग आणि चित्रे काढून घरे भकास करून टाकली. थोड्याच दिवसांत याहूने अट बदलली. मजकूर ज्याचा त्याचा राहिला. जमीन मात्र कंपनीचीच होती.

याचा अर्थ २००९मध्ये कळला. त्या वर्षी २६ ऑक्टोबरला याहूने जिओसिटीज बंद केली. सूचना एप्रिलमध्येच दिली होती. पण जे आपले पान केव्हाच विसरून गेले होते, त्यांना ती कळणार कशी? जेसन स्कॉट आणि ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी मिळतील तेवढी पाने उतरवून घेतली आणि २०१०मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. हा ऐवज साडेसहाशे गिगाबाइटच्या आसपास भरला. आज तो खिशात मावणाऱ्या एका डिस्कवर बसतो. त्यातल्या कित्येक पानांवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी अजून दिसते. जपानमधील शाखा तेवढी ३१ मार्च २०१९पर्यंत टिकली.