अंधेरीचा काळा दोरा

उपनगरांतील अद्भुतपटांची स्थळे शोधत पदयात्रेला निघालेल्याची पहिली पंचाईत अंधेरीतच होते: राजवाडे, गुहा, स्वर्ग सारे स्टुडिओत उभारले गेले आणि चित्रीकरण संपताच मोडले गेले. येथील प्रकाश पिक्चर्सने १९३७ साली विजय भट्टांच्या दिग्दर्शनाखाली ‘ख्वाब की दुनिया’ काढला. नायक अदृश्य, वस्तू मात्र हलताना दिसत. काळ्या पडद्यासमोर त्या काळ्या दोऱ्याने ओढीत होते तरुण बाबूभाई मिस्त्री. कॅमेऱ्याला दोरा दिसेना. मिस्त्रींचे नावच ‘काला धागा’ पडले. पुढचा टप्पा चेंबूर, पायी अंमळ लांबच. तेथे होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सच्या ‘हातिमताई’तील (१९५६) चमत्कारही त्यांचेच. अदृश्य नायकाचा ‘मिस्टर इंडिया’ आला १९८७ मध्ये, दोऱ्यानंतर बरोबर ५० वर्षांनी.