फुसका बार आणि पितळेची स्मृती

'फुसका बार' हा शब्दप्रयोग आता आपण सभेतल्या भाषणांसाठी आणि गाजावाजा होऊन पडलेल्या पुस्तकांसाठी राखून ठेवला आहे. त्याचे मूळ ठासणीच्या बंदुकीत आहे. दारू मापून ओतायची, बोळा घालून गजाने ठासायची, वर छर्रे सोडायचे, पुन्हा ठासायचे आणि शेवटी टोपी चढवायची. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजूनही बाळगल्या जातात. प्रत्येक बार हाताने भरलेला, म्हणून प्रत्येक बार निराळा. तो फुसका निघाला की दोष सहसा दारूवर येतो: ओल धरली असेल, माप कमी पडले असेल. दारू आपण हाताने मोजतो, म्हणून संशयही आधी तिच्यावरच जातो. बाराच्या इतिहासात हा संशय किती वेळा चुकीच्या दारात उभा राहिला, ते येथे पाहावयाचे आहे.

त्यासाठी उल्हासनगरच्या कॅम्प ५ पासून निघणे सोयीचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. छावणी गेली, तिचे क्रमांक तेवढे पत्त्यांत राहिले. या शहराच्या मालावरचा 'मेड इन यूएसए' हा जुना विनोद (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) आपण सर्वांनीच ऐकला आहे. आमच्या मते त्यात कौतुकापेक्षा हिणवणूकच जास्त. पण कॅम्प ५ ची वस्ती ओलांडली की अंबरनाथ लागते, आणि तिथल्या आयुध निर्माणीत नकलेचीच परीक्षा होते. लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याला लागणारे पितळ तयार करणे हे तिच्या कामांपैकी एक. एक पुंगळी दुसरीसारखी असलीच पाहिजे, हा तिथला धर्म. २०२१ पासून ही निर्माणी यंत्र इंडिया या सरकारी कंपनीत मोडते.

'काडतूस' हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला आणि त्याच्या पोटात अजून कागद दडलेला आहे. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून वणवा पेटला ती कागदाचीच होती. पुढे कागद गेला, पितळेची पुंगळी आली. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पुंगळीने बार भरणाऱ्याची बरीच काळजी मिटवली. दारू कोरडी राहिली, मापही कारखान्यातच ठरू लागले. तरीही गोळ्या एकाच जागी पडेनात.

जवळच्या लक्ष्यावर हे कळत नाही. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरला आणि दोन बारांत १० मीटरचा फरक पडला, तर १०० मीटरवर त्यामुळे दोन मिलिमीटरचीही चूक होत नाही. ९०० मीटरवर मात्र तीच गोळी सुमारे पाव मीटर खाली किंवा वर जाते. म्हणून लांब पल्ल्याच्या नेमबाजीत लक्ष्यावरची भोके वाचावी लागतात. ती आडवी पसरली तर आधी वाऱ्याकडे पाहायचे. उभी पसरली तर वेगाकडे, आणि वेग मोजल्याखेरीज दारूला हात लावायचा नाही. गोळीचा वेग मोजण्याची पहिली भरवशाची युक्ती बेंजामिन रॉबिन्सची. टांगलेल्या जड लोलकावर गोळी झाडायची आणि तो किती झुलला ते पाहायचे. त्याचा ग्रंथ १७४२ चा. हा गणिती पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेला फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत क्लाइव्हला पानेच्या पाने आहेत. रॉबिन्सला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

वेगही सारखा, दारूही सारखी, आणि तरी बार दगा देतो, असे झाले तर? ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातल्या लष्कराला याचा विचित्र अनुभव आला. पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या न वापरताच चिरू लागल्या. चीर बहुधा गोळी जिथे घट्ट धरलेली असते त्या गळ्यापाशी. अशी पुंगळी झाडली तर गोळी भरकटतेच, शिवाय तापलेला वायू झाडणाऱ्याच्या तोंडाकडे उलटू शकतो. या रोगाला इंग्रजांनी ऋतूचे नाव दिले: 'सीझन क्रॅकिंग'. हिंदुस्थानचा पावसाळा आधीच बदनाम होता, त्यात हेही खपून गेले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी या प्रकाराचा सविस्तर उलगडा केला. गुन्हेगार दोन होते. एक, घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया. काडतुसे तबेल्यांत ठेवली जात. दुसरा, पुंगळी ओढून घडवताना धातूत कोंडून राहिलेला ताण. ताण नसेल तर अमोनिया एवढी चीर पाडत नाही. उपाय साधा निघाला: मंद आचेवर, पितळ मऊ पडणार नाही इतपत तापवून तो ताण सोडवायचा. पावसाने फक्त हवा दमट ठेवली होती. नाव मात्र त्याच्याच माथी राहिले, ते धातुशास्त्राच्या पुस्तकांत आजतागायत आहे. एखाद्या वाङ्मयीन प्रवृत्तीला काळाचे नाव चिकटवून कारणमीमांसा संपली असे मानणाऱ्या आम्हां समीक्षकांना हे ओळखीचे वाटावे.

पुण्याच्या तांबट आळीत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातात होते. ठोकताना तांबे कडक होते. पुढचा हातोडा मारण्यापूर्वी ते लाल करून निववले नाही तर भांडे फाटते. पोलाद तापवून पाण्यात बुडवले तर कडक होते, तांबे-पितळ मात्र मऊच राहते, हेही तांबटाला ठाऊक होते. ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त यांच्या पितळेची पुंगळी ओढताना कारखाना तेच करतो: ओढायचे, तापवायचे, पुन्हा ओढायचे.

परदेशांत झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून लांब पल्ल्याच्या स्पर्धांत उतरणारे नेमबाज पुष्कळ. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि ती हौस फारशी रुजली नाही. या मंडळींची नेहमीची तक्रार अशी की पहिल्या दोन-तीन भरणांत गोळ्या एकत्र पडत होत्या, आता फाकू लागल्या. तोलकाटा बदलून, दारू दाणा-दाणा मोजूनही फरक पडत नाही. कारण प्रत्येक बाराला पुंगळीचा गळा फुगतो आणि प्रत्येक भरणीला पुन्हा आवळला जातो. हे तांबटाच्या हातोड्यासारखेच, फक्त मध्ये भट्टी नाही. गळा कडक होतो, तोही प्रत्येक पुंगळीचा सारखा नाही. एक गोळीला घट्ट धरते, दुसरी सैल सोडते, आणि वेग बदलतो. जाणते लोक म्हणून केवळ गळा तापवतात. बुडाला आच लागू देत नाहीत, कारण दाब बुडाने सोसायचा असतो. ते मऊ पडले तर पुंगळी टाकूनच द्यावी लागते. शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हाही त्यांचा दंडक. कंटाळवाणा खरा, पण तो मोडला की काय बदलल्याने काय सुधारले ते कधीच कळत नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ज्या ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, किंवा स्वप्निल कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यांत मात्र हा मार्गच बंद असतो. पॉइंट टू टू काडतुसाला वेगळी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते, आणि एकदा चेपलेली कड पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे या पातळीवरचे नेमबाज आपली नळी काडतूस-कारखान्याच्या चाचणी-पल्ल्यावर घेऊन जातात, ती शिकंजात पकडून एकामागून एक लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात, आणि ज्या लॉटची भोके सर्वांत जवळ पडली त्याच लॉटची खोकी वर्षभरासाठी विकत घेतात.