ख्रिस्तायन : बाजूला राहिलेला एक ओवीग्रंथ

मंडळी, ओवी म्हटली की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला नेवासे आठवतं. तिथल्या त्या पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. नेवाशाच्या शेजारचा तालुका राहुरी. त्या राहुरीशी जिचं नाव जोडलेलं आहे, अशा एका बाईनं याच ओवीत चौसष्ट अध्याय रचले, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, आणि ग्रंथ ‘ख्रिस्तायन’.

लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ शिक्षकांनी वाचलेलं असतं, पाठ्यपुस्तकांतून मुलांनाही त्याची ओळख असते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या आहेत. या प्रसिद्धीच्या आड ‘ख्रिस्तायन’ झाकून गेलं. ख्रिस्ती कुटुंबांत टिळकांची भजनं गाइली जातात. इतरांना वाटतं, हा धर्माचा ग्रंथ, आपल्याला काय त्याचं? दोन्हीकडून पुस्तक कपाटातच राहिलं.

टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि ते नगरला येऊन राहिले. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ पासून होतं, आणि ‘ज्ञानोदय’ पत्रही १८४२ साली इथंच सुरू झालं. मिशनातल्या उपासनेत पुष्कळदा परदेशी चालींवर बसवलेली गीतं असत. मराठी माणूस ती म्हणे. पण गळ्यात उतरायला वेळ लागे. कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांसारख्यांनी आपल्या पद्धतीची पदं आधीच रचली होती. टिळकांनी तीच वाट रुंद केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. अभंग, पद, कीर्तन ही सगळी आपली भांडी त्यांनी वापरात आणली. शेवटी ख्रिस्तचरित्रच ओवीत सांगायला घेतलं. अकराच्या आसपास अध्याय झाले आणि ९ मे १९१९ ला ते वारले.

आता लक्ष्मीबाई. जन्म १८६८ चा, लग्न अकराव्या-बाराव्या वर्षी, शाळा कधी पाहिली नाही. अक्षरओळख नवऱ्यानंच करून दिली. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या दुरावल्या, कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं स्वतःच्या विचारानं १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या धर्मांतरानं संसार मोडला होता, त्याच धर्माच्या प्रभूचं चरित्र पुरं करायला ही बाई पतीच्या मागं बसते, हे मला फार विलक्षण वाटतं. चौसष्ट अध्याय त्यांचे. शेवटचा, शहात्तरावा, मुलानं, देवदत्तांनी लिहिला. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ ला गेल्या आणि ग्रंथ छापून निघाला १९३८ मध्ये. छापील पुस्तक त्यांच्या हाती आलंच नाही.

मराठीत हा पहिलाच प्रयत्न नव्हे. गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, ते १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. त्याचं कौतुक विद्वान मंडळी करतात, आणि ते योग्यच आहे. पण परक्यानं शिकून लिहिलेली ओवी वेगळी आणि जात्यावरची ओवी ऐकत वाढलेल्या बाईची वेगळी.

इथं शिक्षकमित्रांसाठी थोडं तंत्र. ग्रंथातल्या ओवीला मात्रांचा काटेकोर हिशेब नसतो. पहिले तीन चरण यमकात, चौथा आखूड आणि मोकळा. ऐकायला सोपी वाटते. पण शेकडो ओव्या लिहिताना यमक ओढून आणावं लागतं, अर्थ चौथ्या चरणात घसरतो. शहात्तर अध्याय सगळे सारखे उतरलेत असं मीही म्हणत नाही. काही ठिकाणी कथा नुसती पुढं ढकललेली वाटते. म्हणून सगळा ग्रंथ एका दमात वाचू नका. आधी टिळकांचा एक अध्याय घ्या, मग लक्ष्मीबाईंचा. दोन हात वेगळे ओळखू येतात का, ते मुलांनाच विचारा.

गावच्या वाचनालयात नसेल तर तालुक्याला चौकशी करा. आणि मिळालं की मनात वाचू नका, मोठ्यानं म्हणा. आजी-आई ज्या चालीवर ओवी म्हणत, तीच चाल लावून पाहा, चौथ्या चरणावर जरासं थांबून.